सिंधु मॅडमचे अंगठे

नांदेडला तरोडा नाक्यावर आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर सिंधु मॅडमची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे आणि खाली माझं दुकान. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, शिवाय कीबोर्ड, माउस, गेम खेळायचे कंट्रोलर असला माल विकतो. वर मॅडम पोरांना सरकारी नोकरीसाठी तयार करतात आणि खाली मी तीच पोरं बिघडवतो, असं त्यांचं मत आहे. हे मत त्या माझ्या तोंडावर सांगतात, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी.

मीसुद्धा त्यांचाच विद्यार्थी. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा त्यांनीच पास करून घेतल्या. टायपिंगमध्ये बोटांना घर असतं. डाव्या हाताची चार बोटं मधल्या ओळीत ए, एस, डी, एफ वर, उजव्या हाताची चार तिकडे पलीकडे. बोट कुठंही जाऊन अक्षर मारो, मारलं की लगेच घरी परत. आणि नजर कागदावर, बोटांकडे बघायचंच नाही. बघणाऱ्या पोराच्या हातांवर मॅडम पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायच्या. खोक्याला मनगटं जातील एवढी दोन भोकं पाडलेली. आत हात, बाहेर रडवेलं तोंड, अशा अवस्थेत मी एक अख्खा उन्हाळा काढला आहे. ते खोकं अजूनही वर खिडकीत असतं.

मॅडम मूळच्या जळकोटकडच्या. शेतकऱ्याच्या घरातून नांदेडला सून म्हणून आल्या, जुन्या खडखडणाऱ्या मशिनवर टायपिंग शिकल्या, मग शिकवायला लागल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत सापडतात. साहजिकच पोटची पोरगी शिवांगी हिलाही त्यांनी तयार केलं. तिची बोटं अशी चालायची की वर्गातली बाकीची पोरं टायपिंग थांबवून ऐकत बसायची. तिला क्लार्कची नोकरी लागली तेव्हा मॅडमनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

पोरीनं ती नोकरी सोडली आणि हैदराबादला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत गेली.

त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं आटलं. फोन रोज व्हायचा, पण त्यात मजकूर एवढाच: जेवलीस का, जेवले, ठेवू का, ठेव. बाकी निरोप रामकिशनकाकांमार्फत, म्हणजे मॅडमच्या यजमानांमार्फत जायचे. काका रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यभर इकडची गाडी तिकडे पाठवली, आता इकडचा शब्द तिकडे पाठवतात. मला मॅडमचा राग यायचा. एवढी हुशार पोरगी आणि तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारायचा नाही म्हणजे काय? पण हे त्यांना सांगायची माझी टाप नव्हती.

मग एका दुपारी काका दुकानात आले. शिवांगीच्या कंपनीचा गेम बाजारात आला होता आणि तिनं तो बापाला पाठवला होता. सोबत निरोप होता की आईला म्हणावं, एकदा खेळून बघ, शेवटी माझं नाव येतं. काकांनी निरोप पोचवला होता. सकाळी पोळ्या लाटताना त्यांनी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की नाव मराठीत येतं की इंग्रजीत.

तेवढ्यावरून आम्ही ओळखायचं ते ओळखलं. मी वरच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये माझ्याकडचं जरा दमदार ग्राफिक्स कार्ड घातलं आणि गेम चढवून दिला. दुपारी एक ते तीन बॅच नसते. त्या वेळेत मॅडम जिना चढून आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या.

गेम साधाच होता. एक पोरगी शेळी घेऊन डोंगरापलीकडच्या जत्रेला निघते. वाटेत ओढा, कुत्री, करवंदाच्या जाळ्या, आणि मध्ये दरीवर एक लाकडी पूल. पूल ओलांडला की जत्रा, जत्रा आली की शेवट, आणि शेवटी गेम बनवणाऱ्या सगळ्यांची नावं.

कीबोर्डवर पुढे जायचं बटण असतं डब्ल्यू, मधल्या ओळीच्या वर. मागे यायचं एस, बरोबर त्याच्या खाली. मॅडमनी अनामिका वर नेली, डब्ल्यू मारलं, आणि शिस्तीप्रमाणे बोट घरी आणलं. घर म्हणजे एस. जुन्या मशिनवर घडलेलं बोट ते, अलगद टेकायचं त्याला माहीतच नाही, ते खाडकन परत येऊन आदळतं. पोरगी एक पाऊल पुढे गेली आणि एक पाऊल मागे आली. मॅडमनी पुन्हा मारलं. पुन्हा एक पुढे, एक मागे. शेळी आपली बाजूला उभी राहून बघत होती.

मी म्हटलं, मॅडम, बटण दाबून धरा. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा पंधरा वर्षांचा झालो. बटण दाबून धरलं की अक्षर दोनदा उमटतं, ही चूक आहे, हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. उजव्या हाताचीही तीच तऱ्हा. आजूबाजूला बघायला माउस हलवावा लागतो. त्या हलवायच्या आणि हात पुन्हा कीबोर्डवर नेऊन ठेवायच्या. त्यामुळे पोरगी बराच वेळ आभाळाकडे तोंड करून चालली.

तरी जिद्द अशी की चार-पाच दुपारी लावून त्या पुलापर्यंत पोचल्या. पुलावर मात्र सगळं संपायचं. तिथं फळ्या तुटलेल्या, एक पाऊल मागे आलं की सरळ दरी. मॅडम पडायच्या, पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा पडायच्या. मी न राहवून म्हटलं की पूर्ण खेळलेल्याचा व्हिडिओ मिळतो, शेवट तेवढा बघून घेऊ, नाव दिसल्याशी मतलब. त्यावर त्यांनी मला विचारलं की दुसऱ्यानं टाइप केलेला पेपर तू स्वतःच्या नावावर दिला होतास का.

शेवटी मी खालून कंट्रोलर आणला. माझ्या दुकानात हा वाद रोजचाच आहे, आणि मी दोन्हीचं दुकान चालवतो म्हणून निःपक्षपाती आहे. नेम धरायचा असेल तर माउसला तोड नाही. पळायचं, उडी मारायची, गाडी हाकायची असेल तर कंट्रोलर. त्याच्यावरची छोटी दांडी, म्हणजे स्टिक, थोडी ढकलली की माणूस चालतो, पूर्ण ढकलली की पळतो. कीबोर्डच्या बटणाला थोडं आणि जास्त यातला फरक कळत नाही. पुलासाठी कंट्रोलरच पाहिजे, असं मी मॅडमना पटवत होतो.

त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं की यात बोटं कुठं ठेवायची. मी सांगितलं की बोटं नुसती खालून धरायला, काम सगळं दोन अंगठ्यांनी करायचं. हा त्यांना अपमान वाटला. टायपिंगमध्ये अंगठ्याला एकच काम, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची, तेही दोघांपैकी एकालाच. आठ शिकलेली बोटं घरी बसवायची आणि कारभार अंगठ्यांच्या हातात द्यायचा?

"एवढ्यासाठी शिकले का मी?" त्या म्हणाल्या. "शेवटी अंगठेबहाद्दरच व्हायचं?"

पण कंट्रोलर खाली ठेवला नाही. आणि झालं असं, की अंगठ्यांना कुठलीच सवय नव्हती, म्हणून सोडवायचीही नव्हती. ती निरक्षर जोडगोळी भराभर शिकली. दोन-तीन दुपारांत पोरगी सरळ चालायला लागली, मग उडी मारायला लागली. मॅडम मला खाली हाक मारून सांगायच्या की कुत्री चुकवली, जाळी ओलांडली. मी गिऱ्हाईक सोडून जिना चढायचो. खोटं कशाला बोलू, मलाच जास्त उत्सुकता लागली होती.

पूल पार झाला त्या दिवशी मी तिथंच होतो. मॅडमचे खांदे कानाला लागलेले. पोरगी एकेक फळी चालली, शेवटची उडी मारली, शेळीही मागून आली. पुढे दिवे, पाळणे, जत्रा. पडदा काळा झाला आणि नावं वर सरकायला लागली. मॅडमनी चष्मा सारखा केला. शिवांगीचं नाव आलं, आणि नीट वाचता यावं म्हणून ते थांबवायला त्यांनी हाताला लागेल ते बटण दाबलं. नावं थांबली नाहीत, बंद झाली. गेम पहिल्या पानावर गेला.

काका असते तर हसले असते. मी हसलो नाही, कारण मॅडमचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, पुन्हा. आम्ही पूल पुन्हा ओलांडला. या वेळी नाव आलं तेव्हा त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नाव वर जाऊन दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. मग फोन उचलला. पेपर तपासता तपासता बोलायची सवय, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

"आई? या टायमाला कसा काय फोन? बाबा बरे हायत ना?"

"बरे हायत. झोपलेत. तुझा तो पूल लई अरुंद हाय."

शिवांगी म्हणाली, "तू खेळलीस?"

"पुरा केला. शेळी पोचली जत्रेत. नाव पाह्यलं तुझं." एवढं बोलून मॅडम थांबल्या आणि लगेच मास्तरीण झाल्या. "पण पुढं जायचं बटण वरच्या ओळीत कुणी ठेवलं? बोट घरी आलं की पोरगी मागं येती, दरीत पडती. ही चूक हाय. मला मग या खालच्या दुकानातल्या संगमेश्वरकडून अंगठ्याचं यंत्र घ्यावं लागलं."

"थांब, लिहून घेऊन राहिले."

"लिहून कशाला घेतीस?"

"माझं कामच ते हाय, आई. बाकीचे बनवतात. मी दिवसभर चुका काढते. कुठं अडतं, कुठं पडतं, ते शोधायचं, खूण करायची अन् दुरुस्तीला परत पाठवायचं."

मॅडमसमोर सकाळच्या बॅचचे कागद पडले होते. चुकीच्या अक्षरांना तांबड्या पेनानं केलेले गोल होते. त्या गोलांकडे त्या बघत बसल्या.

"मग हे माझंच काम करून राहिलीस की तू," त्या म्हणाल्या. "आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंसच न्हाई."

मॅडमनी पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "जेवलीस का?" पोरगी म्हणाली, न्हाई अजून. "मग डबा उघड. फोन ठेवू नको, जेवता जेवता बोल." मी तेव्हा खाली आलो. दुकान बराच वेळ उघडं टाकलं होतं.

दिवाळीला शिवांगी आली ती गेमची नवी आवृत्ती घेऊन. त्यात दोन सुधारणा होत्या. दुसऱ्या माणसाला आता शेळी चालवता येत होती. आणि कीबोर्डची एक नवी मांडणी आली होती: तर्जनीखाली पुढे, करंगळीखाली मागे, मधल्या दोन बोटांखाली डावं-उजवं. एकाही बोटाला घर सोडावं लागत नव्हतं. शिवांगीनं आईला आधीच सांगून ठेवलं की जगात ही मांडणी तू एकटीच वापरशील, कंपनीत सगळे हसले, पण मी हट्टानं घालून घेतली. मॅडम म्हणाल्या की एकटीनं वापरली म्हणून ती चुकीची ठरत नाही.

वर इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही सगळे जमलो. काकांनी चकल्या आणल्या. शिवांगीनं कीबोर्ड आईपुढे सरकवला. एवढा खटाटोप ज्यासाठी केला ते बघायला ती अधीर झाली होती. मॅडमनी कीबोर्ड पुन्हा तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः कंट्रोलर उचलला.

"मी शेळी," त्या म्हणाल्या. "अंगठे आता शिकलेत, त्यांची नोकरी कशाला घालवू? तू दाखव बोटं घरी राहातात का."

शिवांगीची बोटं काही घरी राहीनात. कंपनीत रोज डब्ल्यूवर राहून त्यांना वरच्या ओळीची सवय लागली होती. ती पुढे जायला बघायची आणि भलतीकडे जायची, आणि दर पावलाला मान खाली घालून बटणं शोधायची. पुलावर आल्यावर तिनं पुन्हा खाली बघितलं. मॅडमनी खेळ थांबवला. आता कुठलं बटण काय करतं हे त्यांना पाठ होतं. त्या उठल्या, खिडकीतलं पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि पोरीच्या हातांवर पालथं घातलं. "आई, मोठ्या कंपनीत नोकरीला हाय मी," शिवांगी म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "नजर वर."

दोघी पुलावरून चालल्या, पोरगी पुढे आणि शेळी मागे, एकेक फळी. काकांची चकली तोंडापर्यंत जाऊन थांबली. शेवटच्या फळीवरून दोघींनी एकदमच उडी मारली आणि पलीकडे पोचल्या. जत्रा लागली, नावं सुरू झाली, आणि शिवांगीनं हात खोक्यातून काढले नाहीत.