चुना निम्मा करावा की नाही

सगळं आयुष्य 'हो' आणि 'नाही' यांच्या मधल्या जागेत काढलेला माणूस उभ्या नगर जिल्ह्यात माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. राहुरीच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. पाथर्डीला लग्नाला निघालो की स्टँडवर पहिली एस.टी. गर्दीची म्हणून सोडत, दुसरी आली की "एवढी रिकामी का असेल?" म्हणून सोडत, आणि आम्ही पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असत. पिकलेली केळी घ्यावीत तर उद्या काळी पडतील, कच्ची घ्यावीत तर आज काय खायचं, या विचारात ते इतका वेळ उभे राहत की केळीवाला त्यांना बसायला पोतं देई. चिडायचे मात्र कधीच नाहीत. "मास्तर, दोन्ही बाजू खऱ्या असल्या तर माणसानं करायचं काय?" असं मला मनापासून विचारत. मी शाळेत शिकवतो, तेव्हा मला ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत.

अशा माणसाकडे दुष्काळाच्या त्या साली काम आलं ते सांडपाण्यावरचा खर्च कमी करण्याचं. कारखान्यातून निघणारं आंबूस, घाण पाणी खड्ड्यांत साठवायचं, चुना टाकून निवळायचं आणि मग ओढ्यात सोडायचं, अशी रीत होती. संचालकांचं म्हणणं, चुना निम्मा करा. साडूंना वाटे, चुना तसाच ठेवून खड्डाच आणखी एक खणला तर? की तेच पाणी गार करून पुन्हा कारखान्यातच वापरावं? महिनाभर घरातल्या खिडक्यांत गढूळ पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यातली एक मेहुणीने काकवी समजून पाहुण्यांना वाढायला घेतली, तेव्हा घरात थोडं वातावरण तापलं. शेवटी मॅनेजरांनी एका शब्दात उत्तर मागितलं. साडू म्हणाले, "पंधरा दिवस निम्मा टाकून पाहू." एवढं बोलायलासुद्धा त्यांना घाम फुटला होता.

ओढा तेव्हा आटलेला होता; कारखान्यातून सोडलेलं पाणी तेवढं त्याच्या वाळूत मुरे. खालच्या वस्तीवरच्या बायका त्याच्या वाळूत झिरे खणून पिण्याचं पाणी भरत. साडू रोज संध्याकाळी तिथे जाऊन पेलाभर पाणी स्वतः पिऊन पाहत. सहाव्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. आता हे पाण्यानं, की आदल्या दिवशीच्या भज्यांनी? ते ठरवण्यासाठी त्यांनी मेहुणीला पुन्हा भजी तळायला लावली.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा मलाही ओढ्यावर नेलं. झिऱ्याशी एक बाई वाटीने हंडा भरत होती. साडूंना पाहून पदर सावरत म्हणाली, "सायेब, दोन दिस झालं, लेकरांची पोटं बिघडल्यात. पानी आंबट लागतंय."

"किती लेकरांची?"

"चार घरांतल्या. तुमी सोता पिताय म्हनून आमी बिनघोर हुतो."

साडूंनी पेला वाळूत ठेवला. "बाई, हे पाणी ओता. आजपासून कारखान्याच्या विहिरीवर भरा, मी सांगून ठेवतो." मग ते असे चालत सुटले की मला मागे पळावं लागलं. खड्ड्यांवर जाऊन त्यांनी कोणाला न विचारता चुना पूर्ववत करायला लावला. मॅनेजर धावत आले. "पाण्यानंच झालं, अशी खात्री आहे तुमची?"

"नाही," साडू शांतपणे म्हणाले. "पण माझी खात्री होईपर्यंत ती लेकरं तेच पाणी पीत राहतील."

आठवड्यात मुलं बरी झाली. साडूंची बदली साखरेच्या गोदामावर झाली, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. निम्म्या चुन्याची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही. ते पंधरा दिवस आपण मागायलाच नको होते, असं ते पुढे माझ्याजवळ पुष्कळदा बोलले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला ओढ्याकाठच्या त्या खालच्या वस्तीवरची बारा-पंधरा माणसं पायी आली. मेहुणीही त्यांना ओळखत नव्हती. ती माणसं चहा नको म्हणाली, थोडा वेळ ओसरीवर बसली आणि उन्हं चढायच्या आत परत गेली.