तांबडीचा नवस

काही माणसं गेली की एक युग संपतं. कौसाआक्का गेली तेव्हाही संपलं. निदान चकलांब्याच्या चौकात लागलेल्या फ्लेक्सवर तसं छापलं होतं. नेमकं कुठलं युग, असं मी फ्लेक्सवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "मजकूर तयारच असतो सर, आपण फकस्त फोटो बदलतो." फोटो आधार कार्डावरचा होता. त्यात आक्का समोरच्या माणसावर अजिबात विश्वास नसल्यासारखी बघत होती. शोकसभेत एका पुढाऱ्याने तिला 'थोर पशुप्रेमी' म्हटलं आणि भाषण संपवून तो शेजारच्या गावातल्या दुसऱ्या शोकसभेला गेला.

मला मात्र ती गेल्याचं सकाळी दत्ताच्या फोनवरून कळलं. दत्ता तिचा एकुलता एक मुलगा, गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारांनी भरून द्यायचं दुकान चालवतो. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला, पण फोन चालूच ठेवला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. आक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून थोरली. मी शिकून माजलगावला मास्तर झालो, ती लग्न होऊन उसाच्या फडात गेली. आमच्या दोघांच्या आयुष्यातला फरक एवढ्या एका वाक्यात संपतो, आणि त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही.

फडावर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. दोघांपैकी एकजण एक दिवस जरी गेला नाही, तरी त्याला खाडा म्हणतात, आणि खाडा मुकादम कधी विसरत नाही. आक्काला पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. दवाखान्यात म्हणाले, पिशवी काढून टाका, पुढे त्रास नको. मुकादम म्हणाला, बरंच झालं, खाडे होणार नाहीत. दोघांचं एकमत झालं. तिशीही उलटली नव्हती तेव्हा. तिच्या टोळीतल्या बहुतेक बायकांची पिशवी काढलेली होती, त्यामुळे हे काही सांगण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नाही. मलाही तिने सांगितलं ते कोंबडीच्या निमित्ताने, फार वर्षांनी.

नवरा गेला, कंबर गेली, फड सुटला. मग एकदा गावात टेम्पो आला. पोल्ट्रीवाले अंडी कमी झालेल्या कोंबड्या असे टेम्पोत भरून गावोगाव विकतात. लोक घेतात, रविवारी शिजवतात. आक्काने चार घेतल्या आणि रविवार तसाच जाऊ दिला. पंखांवर पिसं नव्हती, पाय पिंजऱ्याच्या जाळीने वाकडे झालेले. जन्मभर उजेड बघून अंडं घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यातल्या एकीचं महिन्याभरात अंग बाहेर आलं. अंड्याबरोबर आतला भाग लालभडक होऊन बाहेर लोंबू लागला. आक्काने हळद लावली आणि तिला पुन्हा बाकीच्यांत सोडलं. लाल दिसलं की कोंबड्या टोचतात. पाणी आणायला गेलेली आक्का परत येईपर्यंत बाकीच्या तिघींनी तिचं आतडं ओढून काढलं होतं... हे सांगताना ती हात पदराला पुसत राहायची, जणू अजून काही लागलेलं आहे.

दुसऱ्या वेळी हेच उरलेल्यांतल्या तांबडीचं झालं, तेव्हा आक्काने तिला पोत्यात गुंडाळून थेट जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, हिचं झालंय आता. आज कापलीत तर खाता तरी येईल."

"माजंबी अंग असंच येत हुतं बाहेर," आक्का म्हणाली. "मला न्हाई कुणी कापून खाल्लं."

डॉक्टरने कंपाउंडरकडे बघितलं, कंपाउंडरने खिडकीबाहेर बघितलं. मग डॉक्टरने कोंबडी टेबलावर घेतली. कोमट पाण्याने धुतलं, सुजलेल्या भागावर साखर भरली. साखर सूज ओढून घेते. थोड्या वेळाने तेलाच्या बोटाने सगळं अलगद आत ढकललं आणि सांगितलं की हिला एकटी ठेवा, अंधारात ठेवा, खाणं थोडं द्या, म्हणजे अंडं घालणं थांबेल. अंडं थांबलं तरच ही जगेल. आक्काने तिला डालग्याखाली, बांबूच्या पालथ्या टोपलीखाली घातलं, वर गोणपाट टाकलं. पुढे दिवसातून दोनदा तेच धुणं आणि साखर. मी भेटायला गेलो तेव्हा ती डालग्याशी फतकल मारून आत बोलत होती: "बस झालं आता. खाडा कर बाई. कुणी काय म्हणत न्हाई." आयुष्यभर ऊस तोडलेल्या बाईच्या घरात साखरेचा डबा पहिल्यांदाच कुणाच्या तरी दुखण्यावर उघडला जात होता. चहा मात्र मला बिनसाखरेचा मिळाला.

मागे त्या चारांतल्या पांढरीचीही गोष्ट झाली. तिचं अंडं पोटातच फुटलं, पोटात पाणी धरलं आणि ती छाती काढून, पाय फाकवून, उद्घाटनाला निघालेल्या पुढाऱ्यासारखी चालू लागली. डॉक्टरने सुईने पाणी काढलं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. ती पावसाळा काढून गेली. आक्काने तिला लिंबाखाली पुरलं. गावात यावर बरेच दिवस करमणूक झाली.

पण मुख्य गोष्ट नवसाची. तांबडी डालग्याखाली मरणाच्या दारात असताना आक्काच्या तोंडून निघून गेलं, "आई, हिला वाचव, तुला कोंबडी दीन." हा नवस माजलगावकडच्या एका माळावरच्या मरीआईला होता. फडाला जाताना टोळी तिथे उतरायची. दत्ता लहानपणी तापाने फणफणला तेव्हा तिने त्याच देवीला कोंबडी बोलली होती आणि देवळामागे कापून दिलीही होती. आजारपण म्हटलं की कोंबडी, हे तिच्या जिभेला ठरलेलं. आजारी कोण आहे याचा जिभेने विचार केला नाही.

तांबडी बरी झाली. आक्काची थोरली जाऊ गयाबाई, भिंतीपलीकडेच राहणारी आणि देवाधर्माच्या बाबतीत कुणालाही सूट न देणारी, दारात येऊन उभी राहिली.

"कोंबडीसाठी कोंबडी बोललीस? डोकं फिरलं का गं?"

"तोंडातून गेलं."

"गेलं ना? मग आता दे. कोंची देती?"

इथेच सगळं अडलं. आक्काला कुठलीच देववेना. शेवटी तिने आठवडी बाजारातून नवसासाठी म्हणून एक काळी कोंबडी मुद्दाम विकत आणली, म्हणजे जीव लागायचा प्रश्न नको. काळी घरी आल्यावर शेपूट पाडून कोपऱ्यात उभी राहिली, कुंथू लागली. तिचं अंडं अडकलं होतं. आक्काने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तिला कमरेपर्यंत त्यात बसवलं, तेल लावलं, पोटावरून हळूहळू हात फिरवत राहिली. दिवस कलता अंडं पडलं. त्यानंतर काळीला देवीकडे नेण्याचा विषय निघाला नाही.

तेव्हापासून आक्का दर आषाढात एसटीने माजलगावला यायची. एकटीच माळावर जायची, नारळ ठेवून देवीकडे मुदत मागून घ्यायची आणि परतताना माझ्याकडे चहाला थांबायची. मी देवळात जाणाऱ्यांपैकी नाही. मला या वाटाघाटीत फार रस वाटायचा.

"काय म्हणाली देवी?"

"काय म्हणती. ऐकून घेतलं तिनं."

"आणि पुजारी?"

"त्याच्या फुडं कोण जातंय? कोंबडी कुठंय म्हणला तर?" मग बशीत चहा ओतत, जरा दबून, "पन देवीचं देणं हाय बापू. हसू नगंस."

मी हसत नव्हतो. ती खरंच घाबरलेली असायची.

या हिवाळ्यात तिचा खोकला वाढला, मग धाप. तपासण्या झाल्या, सलाइनं लागली. गयाबाईचं निदान सगळ्यांच्या आधी तयार होतं: नवस राहिलाय. दत्ता मोटारी भरणारा माणूस, तारा कुठे जळल्या हे शोधून काढणारा. पण आईला श्वास घेता येईना तेव्हा त्यालाही तेच खरं वाटू लागलं. मी शेवटचा भेटलो तो त्या दिवसांत. आक्का उशाला गोधड्यांची चवड लावून बसली होती, तांबडी खाटेखाली.

"दत्ता म्हणतोय, तांबडीला देतो मरीआईला. तू सांग त्याला."

"काय सांगू?"

"तिनं भोगलंय एकदा. पुन्यांदा कावून?" धाप लागून ती गोधड्यांना टेकली. "पन देवीचं ऱ्हाईलं बग माज्याकडून... ते माज्यामागं यील." तिला दोन्ही हवं होतं. कोंबडी जगायला हवी होती आणि देणंही फिटायला हवं होतं. यावर माझ्या वाचनात काही नव्हतं. मी दत्ताला दोन्ही सांगितलं. त्याने मान हलवली. त्यानंतर आठवड्याच्या आतच आक्का गेली.

तेरावा होताच गयाबाई दत्ताला म्हणाली, "आता तरी फेड. न्हाई तर गती न्हाई तिला." तिच्या मनात वाईट नव्हतं, पहाटे आक्काच्या ओट्यावर बसून रडताना मी तिला पाहिलं होतं. पुढच्या मंगळवारी दत्ता मोटारसायकलच्या मागे टोपली बांधून माझ्या दारात उभा राहिला. टोपलीत तांबडी होती. "मामा, तुमी चला," म्हणाला. "मला एकट्याला जमणार न्हाई." काय जमणार नाही, ते त्याने सांगितलं नाही. मी टोपली सांभाळत मागे बसलो. त्याच्या पिशवीत सुरी होती.

माळावर आता शेंदरी दगडाच्या जागी फरशीचं देऊळ झालं आहे, कमान आहे, कमानीवर देणगीदारांची नावं देवीच्या नावाहून मोठी. पुजारी ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. त्याने टोपलीकडे पाहिलं.

"काय आणलंय?"

"नवसाची कोंबडी," दत्ता म्हणाला. "आईचा नवस हाय. आई वारली."

"हितं चालत न्हाई." त्याने न उठता खांबाकडे बोट केलं. खांबावर पाटी होती, तेलरंगाची, ऊन खाऊन फिकी पडलेली: येथे पशुपक्ष्यांचा बळी देण्यास सक्त मनाई आहे. "देऊळ बांधलं तवापासून बंद हाय. लई वर्सं झाली. ज्यांनी बोललंय त्यांचा नवस नारळावर फिटतो. कुठली तुमची आई?"

दत्ताने गावाचं नाव सांगितलं, आषाढात यायची म्हणाला.

"त्या व्हय. हिरवं लुगडं. त्या खांबालाच टेकून बसायच्या, पाटीखाली. आत या म्हणलं की उठून जायच्या." तो पुन्हा मोबाइलकडे वळला. "नारळ ठिवून जायच्या पन."

आक्काला वाचता येत नव्हतं. दत्ता पाटीकडे बघत उभा राहिला, मग खांबाशी खाली बसला आणि टोपलीवर कपाळ टेकलं. आत तांबडी जागा बदलून बसल्याचा आवाज झाला. मी कमानीवरची देणगीदारांची नावं वाचत राहिलो, सगळी वाचली.

तांबडी आता दत्ताकडे असते. अंडं देत नाही. तब्येत चांगली आहे.