मावशींना कुणी सांगितलं?

आधीच सांगून ठेवतो, मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, नवस, भुताटकी घरात चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते… पण घडलं ते घडलं.

गाव चुडाव्याजवळ. माझी मोठी बहीण मनीषाताई नर्सिंग झालेली. परीक्षेहून परत येताना ती एकदा रेल्वेच्या गच्च भरलेल्या डब्यात चेंगरली, गुदमरली. जीव वाचला, पण भीती राहिली ती राहिलीच. एसटीचं दार लागलं तरी तिचा श्वास कोंडायचा, बोटं वाकडी व्हायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तशात संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आता हजर झाली नाही तर नोकरी गेली, आणि ताई कायमची घरात बसली.

मग आल्या शांतामावशी. आमच्याच वस्तीतल्या, ख्रिस्ती झालेल्या. ताईला दर रविवारी उघड्या ऑटोनं पूर्णेला प्रार्थनेला न्यायला लागल्या. मला पहिल्यापासून संशय. एकदा मुद्दाम जाऊन मागं बसलो — पाण्यात काही देतात का, घरची माहिती काढून घेतात का… पत्र्याच्या खोलीत बाया डोळे मिटून गात होत्या, रडत होत्या, एवढंच. ताई मात्र रविवारी रात्री शांत झोपायची.

त्यांच्यात साखळी प्रार्थना असते. कुणावर वेळ आली की बाया आपापल्या घरी पाळीपाळीनं प्रार्थना करतात, साखळी तुटू देत नाहीत. ताई सोमवारी निघणार म्हणून तिच्यासाठी सोमवारची साखळी ठरली. मी मनात म्हटलं, कुणीतरी आपल्यासाठी बसलंय हे माहीत असतं, म्हणून धीर येतो. सायकॉलॉजी, दुसरं काय!

शुक्रवारी दवाखान्याचा फोन आला — उद्याच या. मी ताईला म्हणालो, "मावशीला सांगायचं न्हाई. बघू तरी काय व्हतंय."

"माझ्या जिवावर प्रयोग करायलास व्हय रे, शहाण्या?" मग म्हणाली, "नको सांगू. ज्याला सांगायचं त्याला मी सांगितलंय."

शनिवारी सकाळी चुडावा स्टेशन. मी संगं येतो म्हटलं तर, "तू आलास की मी तुझ्यासंगंच माघारी येईन," म्हणून तिनंच नको म्हटलं. गाडी दिसली आणि ताईनं शेडचा लोखंडी खांब धरला, डाव्या हातानं. "प्रभू… प्रभू…" पुढं शब्दच येईनात. गाडी थांबली, माणसं चढली. मी तिची बोटं सोडवायलो, सुटेनात. म्हटलं, संपलं सगळं. तेवढ्यात तिनं मोठा श्वास घेतला. बोटं आपोआप सुटली. कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं तिनं मागं वळून पाहिलं — मागं कुणीच नव्हतं — आणि पिशवी उचलून चढली.

मी थेट मावशींच्या दारात. खरं तर जिरवायलाच गेलो होतो, तुमच्या साखळीशिवाय गेली म्हणून. अंगणात सुपात जोंधळे अर्धेच निवडलेले, चिमण्या खुशाल खात होत्या. मावशी ओसरीवर गुडघे टेकून. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बसली का गाडीत?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय लेकरा? निवडता निवडता हात जड पडला. वाटलं, पोरगी घाबरायलीय. हे बघ, डावा हात अजून बधिर हाय."

फोन म्हणाल, तर मावशींचा मोबाईल मीच ताडकळसला दुरुस्तीला टाकलेला. स्टेशनवर ओळखीचं कुणी नव्हतं. आईवर संशय घेतला तर ती भडकली, "मी गोठ्याबाहेर पाय टाकला न्हाई, अन् माझी उलटतपासणी करायलास?" ताईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "मी तर आदीच बोलले व्हते, ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय म्हणून."

योगायोग म्हणा. मीही तेच म्हणतो. प्रार्थनेला मी परत गेलो नाही, जाणारही नाही. ताई आता एकटी ये-जा करते. मात्र ती सुट्टीवरून परत निघाली की माझी मोटारसायकल स्टेशनआधी मावशींच्या दारात थांबते. "मावशी, ताई निघाली," एवढंच सांगतो. ताई मागं बसून गालात हसते. मावशी हातातलं सूप खाली ठेवतात, तेव्हाच मी किक मारतो.

का, ते विचारू नका. मला माहीत नाही.