सुधाकरने थांबवलेलं यंत्र

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाव्या हाताने दाढी करत होतो. ब्लेड गालात रुतलं आणि तोंडातून शिवी निघाली... आता भांडायचं कोणाशी?

अल्लीपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तो संगणकशास्त्रज्ञ झाला, मी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. शिकून आल्यावर त्याने पहिला प्रोग्राम आमच्याच यंत्रांसाठी लिहिला. पूर्वी यंत्र थांबवायचं लाल बटण थेट वीज तोडायचं. या शहाण्याने तेही प्रोग्राममध्ये घेतलं. एके दुपारी अडकलेला कापूस काढताना रोलरने माझी बाही ओढली. सोबत्याने बटण दाबलं, पण प्रोग्राम तेव्हा रुईच्या गाठीचं वजन छापत होता. ते छापून होईपर्यंत रोलरने उजवा हात कोपरापर्यंत चुरला. रुई लाल झाली आणि मी गुरासारखा ओरडत होतो.

तो दवाखान्यात आला. मी डाव्या हाताने स्टीलचा गिलास त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला.

"अजून मार," तो म्हणाला.

मी मारलं. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

त्याने बटणाची तार पुन्हा थेट जोडली आणि उरलेलं आयुष्य एका प्रोग्रामिंग भाषेला दिलं. तिच्यात प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे आधी सांगावंच लागतं, आणि थांबण्याचा हुकूम कोणासाठी खोळंबत नाही. एका विद्यार्थ्याने यात कसूर केली तेव्हा सुधाकरने कीबोर्ड टेबलावर आपटून फोडला. "तू वजन छापून राह्यला, आन् तिकडं माणूस पिसून राह्यला!" यंत्राच्या चाचणीत पहिला हात तो स्वतःचा घालायचा. एकदा बोटाचं टोक गेलं, तर रुमाल गुंडाळून चूक शोधत बसला. वेडाच होता.

दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी तो जिनिंगमध्ये येई, चालत्या यंत्राचं बटण दाबी, आणि यंत्र थांबलं की निघून जाई. एकदा जाताना म्हणाला, "मले माफ केलं का बे?"

"नाई."

"बरं."

यंदा मालकाने बटण दाबायला मला बोलावलं. मी दाबलं. रोलर जागीच थांबले. त्या शांततेत मी मोठ्याने म्हणालो, "माफ केलं रे, सुध्या." ऐकायला तो नव्हता. मी हमसून हमसून रडलो.

"काका, चालू करू का जी?" ऑपरेटरने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो.