डब्यातला झेंडू

माझा बालमित्र सुतार आहे आणि त्याला काचबिंदू आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नयेत, पण वाटप करणाऱ्याने तेवढा विचार केलेला दिसत नाही. एक डोळा कळायच्या आतच गेला. दुसऱ्याबद्दल गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती महिने टिकेल ते सांगता येत नाही. त्या डोळ्याने त्याला फक्त नाकासमोरचं दिसायचं, पाइपातून पाहावं तसं. परतताना बस राजेगावला थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुह्या त्या कागदावरचा डब्बा बनवून टाकू."

"आता?"

"मंग कधी? आंधळा झाल्यावर?"

तो कागद अकरा वर्षं माझ्याकडे पडून होता. मी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत स्टोअरला होतो, आणि वाचायला ती फार चांगली जागा होती. सिनेमा नुकता जन्मला तेव्हाच्या कॅमेऱ्याविषयी मी तिथे वाचलं. लाकडी डबा, बाजूला हँडल, आत फिल्म. त्याच डब्याने चित्र घ्यायचं आणि त्याच डब्याने ते दाखवायचं. मी चौकटीच्या कागदावर आराखडा काढला, मित्राला दाखवला आणि घडी घालून ठेवून दिला. मला खिळाही सरळ ठोकता येत नाही.

ज्याला ज्याला कळलं त्याने विचारलं, की हे सगळं मोबाइलमध्ये होतं तर हा खटाटोप कशाला. मित्राचं उत्तर ठरलेलं होतं: "मोबाइल म्या नाई बनवला न." मला मात्र त्याने एकदा नीट सांगितलं. चाळीस वर्षं तो मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात लोकांची दारं बनवत आला. दार बसवलं की दोनदा उघडून-लावून पाहायचं आणि मगच हत्यारं पिशवीत भरायची, हा त्याचा नेम. "हे शेवटचं काम हाय," तो म्हणाला. "चालते का नाई ते डोयानं पाहीन, मंगच हत्यारं भरीन."

एवढीच गोष्ट होती. डोळा मिटायच्या आत त्याला आपल्या डब्यातलं चित्र हलताना दिसायला हवं होतं.

लाकूड एका जुन्या सागवानी चौकटीचं निघालं. भिंग बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून मिळालं. खरी अडचण फिल्म सरकवण्याची होती. ती सलग सरकून चालत नाही, क्षणभर थांबावी लागते, मग पुढे, मग पुन्हा थांब. शिलाई मशीनच्या सुईखालचे दाते कापडाला नेमकं हेच करतात. वहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, हाताने फिरवायची मशीन माहेरून आलेली होती. तिने ती एकही शब्द न बोलता दिली असं मी लिहिलं असतं, पण ती वाचेल. फिल्म सरकताना उजेड अडवायला मित्राने पत्र्याची अर्धी चकती कापली, काळी रंगवली आणि भिंगामागे बसवली. हँडल फिरवलं की तीही फिरायची.

पहिली फिल्म धुतली तेव्हा पूर्ण काळी निघाली. उन्हात लाकूड आकसलं होतं आणि एका सांध्यातून उजेड शिरला होता. दुसऱ्या फिल्मची कडेची छिद्रं दात्यांनी फाडून टाकली. फिल्म मुंबईहून कुरिअरने यायची, आठवडेच्या आठवडे लावून, आणि तेवढ्यात इकडे त्याचा पाइप अरुंद होत जायचा. ऑगस्टमध्ये तो पेन्सिलची रेघ पाहून लाकूड कापत होता. सप्टेंबरमध्ये रेघ पटाशीने कोरून, बोटाने चाचपून कापायला लागला. एकदा त्याने चहाचा कप टेबलाच्या कडेपासून वीतभर अलीकडे, हवेतच ठेवला. फुटलेले तुकडे मी गोळा केले. तिसऱ्या फिल्मसोबत दुकानदाराने कळवलं की आता पुढचा माल कधी येईल याची खात्री नाही.

काय चित्रित करायचं यावर आमचं भांडण झालं. मला खाणीचं फाटक हवं होतं. पाळी सुटते, सायकली आणि मोटरसायकली लोंढ्याने बाहेर पडतात.

"फाटक लोखंडाचं हाय," तो म्हणाला. "त्याच्यात माहं काय?"

शेवटी त्याच्याच घराचं दार ठरलं. बंद दार उघडेल आणि वहिनी बाहेर येऊन कॅमेऱ्यापर्यंत चालत येईल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीच्या दुपारी त्याने हँडल हातात घेतलं. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे त्याच्या करवतीचाच वेग. पाहायची गरज नव्हती. फिरवायला सुरुवात झाली आणि दारासमोर एक वीट पडलेली मला दिसली. मी धावत गेलो, वाकलो, वीट उचलली, बाजूला झालो. मग दार उघडलं आणि वहिनी आली, नवीन साडीत, अखंड बोलत. "बोलू का नको? तिकडं पाहू का इकडं? भाऊजी, अजून किती चालू जी?"

मिनिटभरात फिल्म संपली. ती त्याच संध्याकाळी अंधारात काढून धुवायला हवी होती. पण त्या संध्याकाळी माझा सत्कार होता.

गावातल्या एका मंडळाला कॅमेऱ्याचा सुगावा लागला होता. अशा कार्यक्रमांना मी आयुष्यभर मागच्या रांगेत बसून हसत आलो. या वेळी मी स्टेजवर बसलो. बॅनरवर कॅमेऱ्याचा फोटो होता, फक्त तो कॅमेरा आमचा नव्हता. अध्यक्ष हिंदीत म्हणाले की इन्होंने बालाघाट का नाम विश्वपटल पर पहुँचाया है. विश्वपटलावर त्या क्षणी डास फार होते. मित्राला बोलावणं होतं, तो आला नाही. "मले खुर्ची दिसत नाई, अन् भाषन आयकू येते," तो म्हणाला. "उलटं असतं तं आलो असतो." मी शाल घेतली, नारळ घेतला. फिल्म उद्या धुऊ, असं मीच ठरवलं. डबा त्याच्या घरी राहिला.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही त्याच्या सामानाच्या खोलीत शिरलो. झरोका पोत्याने आणि काळ्या प्लास्टिकने बुजवलेला होता. त्या अंधारात आम्ही दोघं बरोबरीचे होतो. त्याने झाकण उघडलं आणि आत बोटं फिरवली.

"झेंडू कुठून आला बे?"

मी आत हात घातला. पाकळ्या लागल्या. मग अक्षता. गुंडाळलेल्या फिल्मच्या वरच, नीट ठेवल्यासारख्या.

बाहेर आल्यावर वहिनीने काही लपवलं नाही. सकाळी पाटावर हत्यारांची पूजा मांडली होती. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट, आणि शेवटी डबा. "रंध्याले कुंकू लावलं, करवतीले लावलं," ती म्हणाली. "अन् ज्याच्यापायी सालभर झोप नाई घेतली त्याले तसंच ठेवू? वरून लाकडाले लावून काय होते? आतल्या मशीनले लावलं. माहीच मशीन होय न ते." मग आमचे चेहरे पाहून तिचा आवाज उतरला. "भाऊजी, म्या काय वाईट केलं जी?"

तिच्या बोलण्यात मला खोट काढता येईना. आत फिल्म आहे, हे मीच तिला सांगायला हवं होतं. मी शाल घ्यायला गेलो होतो.

"कुछ नई हुआ," मित्र म्हणाला. त्याला खोटं बोलायचं असलं की तो हिंदीत बोलतो.

फिल्म तरी धुतली. पूजेसाठी झाकण उघडल्यावर शिरलेल्या उजेडाने गुंडाळीचे बाहेरचे सगळे वेढे काळे केले होते. अगदी आतला, म्हणजे सुरुवातीचा, हातभर तुकडा वाचला होता. त्यात बंद दार होतं आणि विटेसाठी वाकलेली माझी पाठ. दार उघडायच्या आधीच काळं सुरू होत होतं. वहिनीला ते कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि म्हणाली, "म्या तुमचा डोया खाल्ला."

चार दिवसांनी आम्ही तो तुकडा डब्यात चढवला. चित्र सुलटं छापून घ्यायला नवी फिल्म नव्हती, त्यामुळे पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं, असंच पाहणं भाग होतं. लहानपणी आम्ही सिनेमाच्या फिल्मचे तुकडे आरशाच्या उन्हात धरून भिंतीवर पाडायचो, तसाच आरसा लावला. त्याने हँडल फिरवलं. भिंतीवर पांढरा फटक माणूस वाकला, उठला आणि गेला.

"कुठं हाय?" मित्र म्हणाला.

पुन्हा चढवलं. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. भिंत त्याच्या पाइपाला फार मोठी होती. त्याला चित्राची कड सापडेना आणि मधलंही सापडेना. तिसऱ्यांदा त्याने भिंतीचा नाद सोडला. मला आरसा काढून उजेडासमोर पांढरं धोतर धरायला सांगितलं आणि डोळा थेट डब्याच्या मागच्या खिडकीला लावला. तिथे चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. हँडल फिरलं.

"आली," तो म्हणाला.

"कोन?" वहिनीने विचारलं.

"तू. अजून कोन? तोंड चालूच हाय."

"आवाज नाई येत न?"

"म्हनून तं चांगली दिसून राह्यली."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली, किती दिवसांनी कोण जाणे, आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या तुकड्यावर ती नव्हती. एकेक चित्र मी बोटांतून सरकवलेलं होतं. ती गेल्यावर मी हळूच विचारलं, "खरं सांग, काय दिसलं?"

त्याचा हात अजून हँडलवरच होता.

"उजेड हलत होता," तो म्हणाला.

चकती फिरली की उजेड हलतोच. आत फिल्म नसली तरी हलतो. ती चकती त्यानेच कापलेली होती.

"मंग चालते तुहा डब्बा," मी म्हणालो.

"हौ," तो म्हणाला. त्याने जमिनीवर चाचपत पटाशी उचलली, मग रंधा, आणि एकेक हत्यार पिशवीत भरायला लागला.