सरांच्या स्मरणाचा शेरा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आचोळ्यात राहत होतो आणि एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. रविवार पुरवणीसाठी हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, सांगणाऱ्यांच्या जुन्या चरित्रकोशांवर लेख लिहायचा होता. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत. कोकणी मुसलमान. रविवारी सकाळी काही विद्यार्थी त्यांच्याकडे हदीस शिकायला येत. मीही जाऊन बसू लागलो.

पैगंबरांचे वचन कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी वचनाबरोबर पाठ करावी लागे. मध्ययुगातले विद्वान साखळीतल्या माणसांची चौकशी करत गावोगाव फिरले. हा ज्याचे नाव घेतो त्याला खरेच भेटला होता का? खोटे बोलतो का? मग चरित्राखाली शेरा: विश्वासू, स्मरण कच्चे, खोटारडा.

"तुमच्या पेपरात मेलेला प्रत्येक जण मनमिळाऊ असतो," सर म्हणाले. "आमच्यात नमाजी, सज्जन, पण विसराळू, असंही लिहून ठेवतात."

सरांची साखळी सुरतेच्या एका गुरूकडून आली होती. आता ती विद्यार्थ्यांकडून पुढे जाणार होती. मागे ठेवायला सरांकडे दुसरी मिळकत नव्हती.

दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी गुरू म्हणून भलत्याच शहरातल्या माणसाचे नाव सांगितले. विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतले. पुढच्या रविवारी आणखी एका शहरातले तिसरेच नाव आले. चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी दारात थांबली. अब्बा त्या दोन्ही शहरांत कधी गेले नव्हते, हे तिला माहीत होते.

त्यानंतरच्या रविवारी तिने आम्हाला उंबऱ्यावरच अडवले.

"अब्बांचा वर्ग बंद. मागचे दोन रविवार खोडा. त्याआधीचं ठेवा."

"आपा, सलाम तरी करू द्या," एक जण म्हणाला.

"आत आलात की ते शिकवायला लागतील."

"लोकांनी विचारलं तर?"

"सांगा, स्मरण गेलं. कधीपासून तेही सांगा."

"घरच्यांनीच असं सांगायचं?"

"पूर्वी एका विद्वानाच्या मुलांनी हेच केलं. बाप गोंधळला, तेव्हा त्याच्याकडे कोणाला जाऊ दिलं नाही. म्हणून त्याचं आधीचं सगळं अजून मानतात. हे मला अब्बांनीच सांगितलंय."

"कोण आलंय गं?" आतून सरांनी विचारले.

"कोणी नाही, अब्बा."

थोड्या वेळाने ते एकटेच साखळी म्हणू लागले. आवाज खणखणीत होता. जिन्यावर आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तिने दार ओढून घेतले.