वहिनीनं निवडलेले टायर

दादानं ट्रॅक्टर वाहून न्यायला जुना ट्रक घेतला, तेव्हा आमच्या शेळगावात त्याचं कौतुक करणारे कमी आणि हसणारे जास्त होते. मी माहेरी आले की हसणाऱ्यांशी भांडायची. बारामतीहून नवे ट्रॅक्टर इंदापूरच्या गावागावांत पोचवायचे, यात हसण्यासारखं काय आहे? फक्त ट्रकचे टायर पार गुळगुळीत झाले होते. ते बदलायला दादा, वहिनी आणि मी बारामतीच्या एका टायरवाल्याकडे गेलो.

त्यानं टायरच्या बाजूवर छापलेला आकडा दाखवला. त्यावरून एक टायर किती भार पेलेल ते कळतं. मागच्या जोडचाकांत बसवला की त्याच टायरची ताकद थोडी कमी धरतात, असंही तो म्हणाला. हे मला लगेच पटलं; माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत.

दादानं दोन ट्रॅक्टरांचं वजन चाकांमध्ये वाटलं आणि त्या मानानं हलके टायर काढायला सांगितले.

"आन ट्रकचं वजन?" वहिनी म्हणाली.

"ते कशाला धरायचं?"

जन्मभर कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला वजन म्हणजे मालाचं वजन. काट्यावर भरलेली गाडी चढते, मग रिकामी चढते, आणि गाडीचं वजन वजा होतं. मलाही दादाच्या हिशोबात काही खटकलं नव्हतं.

"काटा वजा करतोय," वहिनी म्हणाली. "टायर कुठं वजा करतोय? त्येच्या डोक्यावर समदंच बसतंय. भिगवणच्या हायवेला फुटला म्हंजी?"

चारचौघांत बायकोनं टोकलेलं आमच्याकडे पुष्कळांना सोसत नाही. माझ्या घरी तर त्यावर दोन दिवस अबोला झाला असता. दादा डोकं खाजवत हसला आणि म्हणाला, "व्हय की." मला तो तेव्हा फार आवडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन ट्रॅक्टर चढवून ट्रक हळूहळू जवळच्या वजनकाट्यावर नेला. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, मग नुसती मागची, कारण भार मागं जास्त येतो. ती वजनं घेऊन आम्ही पुन्हा टायरवाल्याकडे गेलो. त्यानं काढलेल्या टायरांत मागचा भार जेमतेम बसत होता. वहिनीनं त्याहून वरच्या आकड्याचे दाखवले.

"अगं, ह्यात बसतंय की," दादा म्हणाला.

"काट्यावर तुमी खाली उतरला व्हता. तुमचं वजन त्यात न्हाय."

टायरवाला हसला. एका माणसाच्या वजनानं ट्रकच्या टायरला काय फरक पडणार? दादा मात्र हसला नाही. वहिनीकडे न बघताच त्यानं ते जड टायर बसवायला सांगितले. रबराच्या वासात उभ्या उभ्या मला वहिनीचं फार कौतुक वाटलं, आणि दादाचा हेवा.